चारही मुलांचं नाव जोझेफ कसं काय?

वंशावळीवर या वेळी तीन पत्रं आलीत आणि गंमत म्हणजे तिन्हींत कुठून ना कुठून फ्रेंच घुसलेत, नाशकात बसून एवढे फ्रेंच पूर्वज कुठून निघाले देव जाणे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीये कारण त्यात एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, बाकी दोघांनी राग मानू नका.

प्रश्न : ताई, मुलगा माँट्रियलला असतो, सून तिथलीच, घरात फ्रेंच बोलणारी. नातीला वर्ष झालं म्हणून दोन्हीकडची वंशावळ करून फ्रेम करायचं ठरलंय. आमची बाजू गंगेवरच्या गुरुजींच्या वहीतून सहा पिढ्या मिळाली. व्याह्यांनी त्यांच्याकडच्या चर्चच्या जुन्या नोंदींचे फोटो पाठवलेत आणि तिथे सगळा घोळ आहे. एकच माणूस स्वतःच्या लग्नात 'र्वा', मुलाच्या बाप्तिस्म्यात 'देजार्दँ' आणि मेला तेव्हा दोन्ही. त्याला चार मुलगे, चौघंही जोझेफ. बायका तर मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने, सात-सात पोरं होऊन. माझी नणंद म्हणते लग्नंच झाली नसणार. मी फ्रेममध्ये लिहू काय? – एक सासूबाई, गंगापूर रोड

उत्तर : काकू, आधी नणंदबाईंचं तोंड बंद करू. लग्नं झालेली आहेत, चर्चमध्ये, साक्षीदारांसमोर, आणि त्याचा कागद तुमच्याच फोनमध्ये आहे. फ्रेंच रिवाजात बाई कागदावर जन्माच्या आडनावानेच राहते, जन्म, लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, मरण, सगळीकडे तेच. चारचौघांत तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारत असतील पण पाद्री लिहिताना माहेरचंच लिहिणार. वंशावळ करणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही हो, आपल्याकडे बघा ना, लग्नात आडनाव बदललं ते बदललं, वर तांदळात अंगठीने नवीन नावसुद्धा लिहायचे, मग खापरपणजी कोणाची कोण ते शोधायला गेलं की हाती काय, तर 'सौ. लक्ष्मीबाई', बास. माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला आजही माहीत नाही. तुमच्या सुनेला मात्र तीनशे वर्षांपूर्वीच्या आजीचं माहेर सांगता येईल. माँट्रियल कॅनडातल्या ज्या प्रांतात येतं त्या क्वेबेकमध्ये तर 2 एप्रिल 1981 पासून कायदाच आहे, लग्नानंतर बाईचं नाव जन्माचंच राहतं. तुमच्या सुनेने तुमचं आडनाव लावलं नाही म्हणून कोणी कुजबुजलं असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या.

आता र्वा आणि देजार्दँ. फोटो मोठा करून बघा, दोन नावांच्या मधे बारीक अक्षरात 'दि' असा शब्द असेल, बाईच्या बाबतीत 'दित'. शब्दशः अर्थ 'म्हटलेला', म्हणजे आपलं सरळसरळ ऊर्फ. र्वा दि देजार्दँ, म्हणजे र्वा ऊर्फ देजार्दँ. क्वेबेकमध्ये हे एवढं कॉमन आहे की सहकारी पतपेढीची चळवळ तिथे ज्याने सुरू केली, 1900 मध्ये लेव्ही गावात पहिली पतपेढी काढली, त्या आल्फोंस देजार्दँचे वडीलसुद्धा कागदावर र्वा दि देजार्दँच होते. म्हणून उगाच त्याच्याशी नातं जोडू नका हं, र्वा तिकडे आपल्या पाटलांइतके असतात.

हे ऊर्फ आलं कुठून, तर बरंचसं फौजेतून. 1665 मध्ये कारिन्याँ-सालिएर नावाची पलटण फ्रान्सहून तिथे आली, साधारण बाराशे शिपाई, त्यातले चारेकशे तिथेच राहिले, आणि शिपायाला फौजेत एक टोपणनाव असायचं. ही नावं वाचताना मजा येते. साँसुसी म्हणजे बिनघोर. लादुसर म्हणजे गोडवा, हा बहुतेक पलटणीतला सगळ्यात भांडखोर असणार असा माझा आपला संशय. वादबाँकर म्हणजे आनंदाने निघणारा. आणि त्राँशमाँतान्य म्हणजे चक्क डोंगरकापे, आपल्या वाघमाऱ्यांच्या पंगतीत बसेल असा. दुसरा प्रकार गावावरून, आंजू प्रांतातून आला तो लाँजव्हँ, सँताँजचा तो सँताँज, म्हणजे आपले सगळे 'कर' लोक. तिसरा जमिनीवरून, देजार्दँ म्हणजे बागांचा, देरुईसो म्हणजे ओढ्यांचा, एका गावात पाच र्वा झाले की कोणता र्वा, तर तो बागेकडचा. आपल्याकडे मळ्यातले पाटील आणि वाड्यातले पाटील असतात तसंच की.

खरी अडचण पुढे आहे. हे ऊर्फ कोणी कधी लावावं याला नियम नव्हता. बाप र्वा, थोरला र्वा, मधला देजार्दँ, धाकटा जिथे जाईल तिथे जे सुचेल ते. एकोणिसाव्या शतकात हळूहळू लोकांनी दोनातलं एक टाकून दिलं आणि कोणतं टाकायचं ते ज्याचं त्याने ठरवलं, त्यामुळे आज सख्ख्या भावांचे वंशज दोन वेगळ्या आडनावांचे आहेत आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यात 1840 ते 1930 च्या दरम्यान जवळपास नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन कापडगिरण्यांत कामाला म्हणून अमेरिकेत गेले, तिथे नावांचं सरळ इंग्रजीत भाषांतर होऊन र्वाचा किंग झाला, लब्लाँचा व्हाईट झाला, ब्वाव्हेरचा ग्रीनवूड झाला. व्याह्यांचे कोणी चुलते अमेरिकेत 'हरवले' असतील तर किंग नावाने शोधा.

तुम्ही म्हणाल मग फ्रान्समध्ये असं का होत नाही. तिथेही होतंच की, पण क्रांतीनंतर 23 ऑगस्ट 1794 ला कायदा आला की जन्मनोंदीत आहे त्याच्याशिवाय दुसरं नाव-आडनाव कोणी लावायचं नाही. तोपर्यंत कॅनडा हातातून गेला होता, 1763 च्या पॅरिसच्या तहात तो इंग्रजांकडे आला, म्हणून हा कायदा तिथे पोचलाच नाही आणि ऊर्फ आरामात शंभर वर्षं जास्त जगलं.

चार जोझेफांचं कोडं सोपं आहे. कॅथलिक घरात मुलगा झाला की बाप्तिस्म्याच्या नोंदीत पहिलं नाव जोझेफ, मुलगी झाली की मारी, हे ठरल्यासारखंच असायचं. मग बहुतेकदा बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणाऱ्या धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं एखादं नाव, आणि शेवटी खरं हाक मारायचं नाव. जोझेफ-पिएर-आंत्वान असं लिहिलं असेल तर पोराला घरात आंत्वान म्हणत असणार. म्हणून तुमचे चारही जोझेफ पूर्ण वाचा, व्याह्यांनी घाईत फक्त पहिला शब्द उतरवला असणार. एक सावधगिरी मात्र ठेवा. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धत होती, तेव्हा 'आंत्वान' अशी बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणून लगेच तोच आपला असं धरू नका, आधी त्याच्या दफनाची नोंद आहे का ते बघा. मी हे न बघितल्याने एकदा एका तान्ह्या मुलाला अकरा मुलांचा बाप केलं होतं.

धर्ममाता-धर्मपिता कोण होते तेही लिहून ठेवा, ते फालतू नाहीत. आपल्याकडे बारशाला कानात कुर्रर्र करायला आत्याच लागते ना, तसंच तिकडे मान नातेवाइकांनाच, मामा, आत्या, आजोबा, मोठी बहीण. एखाद्या बाईचं माहेर लागत नसेल तर तिच्या मुलांचे धर्मपिते बघत जा, तिचा भाऊ कुठेतरी उभा असतोच.

आता सगळ्यात कामाची नोंद सांगते, लग्नाची. त्यात नवरा-नवरी दोघांचे आईवडील असतात, आया माहेरच्या आडनावासकट. म्हणजे एका कागदात सहा माणसं. ते लग्न सापडलं की त्या आईवडिलांचं लग्न शोधायचं, मग त्यांच्या आईवडिलांचं, जिना चढल्यासारखं वर जायचं. आणि कधीकधी त्यात अजून एक रत्न असतं, जवळच्या नात्यात लग्न करायला चर्चची सूट घ्यावी लागायची आणि पाद्री ती पायरीसकट लिहायचा. दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजोबा एक, तिसरी म्हणजे पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. आपण सगोत्र आहे का ते लग्नाआधी विचारतो, यांनी उत्तर रजिस्टरात लिहून ठेवलंय. 'चौथ्या पायरीची सूट' वाचलंत की समजा दोन फांद्या वर कुठेतरी एका खोडाला मिळाल्यात, पाचवीच्या गणितासारखं सोडवत बसा.

हे सगळं शिल्लक कसं राहिलं, तर 1679 पासून तिथे रजिस्टरची दुसरी प्रत काढून कोर्टाकडे द्यायची पद्धत होती, चर्च जळलं तरी एक प्रत उरायची. 1994 पर्यंत तिथे चर्चचं रजिस्टर हेच सरकारी रजिस्टर होतं. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या साईटवर जुनी पानं फुकट बघता येतात. माँट्रियल विद्यापीठाने 1966 पासून या जुन्या नोंदींवरून एकेक कुटुंब परत जुळवायचं काम घेतलंय, त्यात र्वा आणि देजार्दँ एकत्र सापडतात. तांगे नावाच्या पाद्र्याचा सात खंडांचा वंशकोश आहे, 1871 ते 1890 मधला, एकट्या माणसाने केलेलं अफाट काम, पण चुका पुष्कळ, तेव्हा त्यातून धागा घ्या आणि मूळ पान बघितल्याशिवाय फ्रेमवाल्याकडे जाऊ नका.

बायकांच्या बाजूने अगदी वर चढत गेलात तर 1663 ते 1673 च्या मधे आलेल्या 'राजाच्या मुली' बहुतेक भेटतीलच. राजाच्या म्हणजे चौदाव्या लुईच्या खर्चाने पाठवलेल्या, साधारण आठशे, बऱ्याचशा अनाथ किंवा गरीब घरच्या, कारण वसाहतीत पुरुषच पुरुष होते. जहाजातून उतरायचं आणि नवरा निवडायचा, नोटरीकडे करार व्हायचा, आणि गंमत ही की करार करून तो मोडणाऱ्याही होत्या. त्यांच्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात, तुमच्या नणंदेसारखेच.

माझ्याच घरातलं सांगते. आजोबा कुलकर्णी राहिले, त्यांच्या धाकट्या भावाने मुंबईला नोकरीत निफाडकर लावलं. मी सहा महिने कुलकर्णी-कुलकर्णी करत फिरले, काही हाती लागेना. मग बाबांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो तेव्हा गुरुजींनी आडनाव विचारलंच नाही, पहिला प्रश्न 'गाव कोणतं'. गाव सांगितल्यावर वही निघाली, जुनी पानं मोडीत, आणि चुलत आजोबांची सही तिथे निफाडकर म्हणून, आमच्याच ओळीखाली. क्वेबेकलाही हेच करायचं काकू. गावाचं चर्च कोणतं ते पक्कं करा आणि त्या चर्चचं रजिस्टर सालवार वाचा, आडनाव काय वाटेल ते असो. फ्रेममध्ये 'र्वा ऊर्फ देजार्दँ' लिहा आणि आज्यांची माहेरची आडनावं तशीच ठेवा. जमलं तर तुमच्या बाजूच्या आज्यांचीही शोधा, फ्रेममध्ये एक बाजू भरलेली आणि दुसरीकडे नुसत्या सौभाग्यवती बऱ्या नाही दिसणार.

प्रश्न : मुलाचं लग्न पुदुचेरीच्या मुलीशी ठरतंय. घर तमिळ, वडील रिटायर शिक्षक, पण आडनाव अस्सल फ्रेंच. आमचे नातेवाईक विचारतात की यांचा कोणी पूर्वज गोरा होता का. त्यांना थेट विचारणं बरं दिसत नाही. – एक वडील, सिडको

उत्तर : दादा, नसण्याचीच शक्यता जास्त, आणि असता तरी काय बिघडलं असतं म्हणा. पुदुचेरीत तमिळ माणसाचं फ्रेंच आडनाव बहुतेकदा एका तारखेनंतरचं असतं, 21 सप्टेंबर 1881. त्या दिवशीच्या फर्मानाने फ्रेंच हिंदुस्थानातल्या कोणत्याही जाती-धर्माच्या, 21 वर्षं पूर्ण झालेल्या पुरुषाला किंवा बाईला आपला जातीधर्माचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच दिवाणी कायद्याखाली जाता यायचं. एकदा सोडला की परत घेता येत नसे, आणि बायको व अल्पवयीन मुलंही त्यात आली. अशा लोकांना 'रनाँसाँ' म्हणतात, म्हणजे सोडणारे. आणि त्या कागदातच लिहावं लागायचं की यापुढे आमचं आडनाव हे. तमिळ घरात तेव्हा आडनाव ही भानगडच नव्हती, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. म्हणजे क्वेबेकच्या उलट, तिथे एकाला दोन आडनावं आणि इथे एकही नाही, मग एका सकाळी ऑफिसात जाऊन निवडायचं.

हा जातीधर्माचा कायदा सोडायच्या चळवळीतला मोठा माणूस पोन्नुतंबी पिळ्ळै, वकील. 1873 मध्ये तो युरोपियन बूट घालून कोर्टात आला म्हणून त्याला अडवलं, तो पार पॅरिसच्या वरच्या कोर्टापर्यंत लढला आणि जिंकला. पुढे त्याने आडनाव घेतलं लापोर्त. लापोर्त म्हणजे दार. दुसऱ्यांनी कोणी संताचं नाव घेतलं, कोणी आवडलेला शब्द. जात पुसायची होती ना, जुन्या नावावरून जात कळायची, नव्यावरून काय कळणार. मला विचाराल तर तो अख्खा कागद आडनावाच्या त्या एका ओळीसाठी वाचावा.

तेव्हा विहीणबाईंना गोरा पूर्वज विचारू नका, 'तुमच्या घरात रनाँसाँचा कागद आहे का' असं विचारा, त्यांना उलट बरं वाटेल की कोणाला एवढं माहिती आहे. कागदात आधीचं तमिळ नाव असतं, त्याच्या मागे जायचं तर तेच नाव धरायचं, फ्रेंच आडनावाने 1881 च्या आधी शोधलंत तर भलताच कोणीतरी कारकून सापडेल आणि नातेवाईक खूश होतील. फ्रेंच वसाहतींची जन्म-मृत्यू-लग्नाची रजिस्टरं दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हाँसच्या समुद्रापार अभिलेखागारात आहेत, बरीच ऑनलाईन दिसतात, सालवार. 1954 च्या 1 नोव्हेंबरला पुदुचेरीचा कारभार भारताकडे आला पण कायद्याने हस्तांतर 16 ऑगस्ट 1962 चं, आणि त्यानंतर सहा महिन्यांत फ्रेंच नागरिकत्व ठेवायचं की नाही ते लेखी कळवायचं होतं. त्या घरातले एक काका फ्रान्समध्ये आणि बाकीचे इथे असं असेल तर कारण हेच, भांडण झालं असं समजू नका.

प्रश्न : मॉरिशसहून पाहुणे आले होते, मराठी समजतं, घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली, बोलतात, आडनाव 'सखाराम'. म्हणाले आमचं मूळ गाव शोधून द्या, नाशिकचं असेल असं आजी म्हणायची. सखाराम आडनाव असतं का? – इंदिरानगर

उत्तर : असतं, आणि ते मुळात पणजोबांचं किंवा त्यांच्या वडिलांचं नाव असणार. 1834 पासून मळ्यांवर करारावर नेलेल्या माणसाची नोंद स्वतःचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज अशी व्हायची, आडनावाचा रकानाच नाही. पुढे मुलांना लावायला काहीतरी हवं म्हणून बापाचं नाव आडनाव झालं आणि तिथेच गोठलं. बेट 1810 मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांनी घेतलं पण कायदे-रिवाज फ्रेंचच ठेवायचं कबूल केलं होतं, त्यामुळे नाव लिहिणाऱ्याचे कान फ्रेंच, एकच नाव तीन कागदांत तीन तऱ्हेचं मिळेल, मोठ्याने वाचून बघा म्हणजे लागेल. शेजारच्या रेयुनियाँ बेटावर तर 1848 मध्ये गुलामी उठली तेव्हा साठ हजारांवर माणसांना सरकारी कारकुनांनी आडनावं वाटली, कुठे अक्षरं उलटसुलट करून, कुठे थट्टेने, आणि ती आजही चालू आहेत. त्यामानाने सखाराम फार चांगलं.

पाहुण्यांना सांगा, मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, या मजुरांची रजिस्टरं तिथे आहेत, 1860 च्या दशकापासूनचे फोटोसुद्धा. त्या रजिस्टरातला पूर्वजाचा नंबर मिळाला की गाव मिळतं. आजीचं नाशिक मात्र सावध घ्या, मराठी माणसं तिकडे जास्त रत्नागिरीकडून आणि कोकणातून गेली, मुंबईच्या बंदरातून, आजीने तीर्थाचं नाव ऐकलेलं असेल आणि तेच गाव धरलं असेल. कागद आला की गावाचं स्पेलिंग मला पाठवा, एकट्याने नकाशात शोधत बसू नका, मागच्या वेळी एकजण 'चिपलोन'वरून थेट चांदवडला पोचले होते.